तीस सेकंदांची डेक्कन क्वीन

रविवारची सकाळ, डोंबिवली, ताईचं घर. माझ्या हातात पोह्यांची बशी, भाच्याच्या हातात माउस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा रात्र रात्र जागून इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक बनवतो. गोव्याच्या किनाऱ्यावर, मोठमोठ्या मैदानांवर ज्याच्या तालावर हजारो पोरं एकदम उड्या मारतात, ते. त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "मामा, ऐक ना. फक्त तीस सेकंद."

ऐकलं. आधी नेहमीचा धपधप ठेका. मग तो ठेका कुणीतरी पायाखालून काढून घेतला. ताशासारखे कडक तडाखे सुरू झाले, दाट होत गेले, मागून एक सूंऽऽ आवाज चढत चढत कुकरच्या शिट्टीसारखा वर गेला. माझा घास घशातच. आता काहीतरी फुटणार, फुटणार, फुटणार... आणि एकदम चिडीचूप. काहीच नाही. मग धडाम! ठेका परत आला आणि बशीतल्या चमच्यासकट मी खुर्चीत उडालो.

"याला बिल्ड-अप म्हणतात," भाचा म्हणाला. "आणि ते धडाम झालं ना, तो ड्रॉप."

तीस सेकंद! तेवढ्यात लिफ्टसुद्धा येत नाही. त्या तीस सेकंदांत या मुलानं माझा श्वास कसा काय पळवला? मी बशी बाजूला ठेवली, वहीचं मागचं पान उघडलं आणि हिशेबाला बसलो. तासाभरात पान संपलं, वही संपली आणि आकडे मात्र अजून चढतच होते. या, तुम्हीही बसा. पण खुर्चीला घट्ट धरून बसा.

सुरुवात अगदी साध्या आकड्यानं करू: १२८. या संगीतात मिनिटाला १२८ ठोके हा फार लाडका वेग. नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सनं २०१३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, 'ॲनिमल्स' आणलं तेही १२८ वरच. चार ठोक्यांचा एक गट, त्याला म्हणतात बार. आता गंमत बघा. १२८ ठोके म्हणजे ३२ बार, आणि ते भरतात बरोब्बर ६० सेकंदांत. १६ बार म्हणजे बरोब्बर ३० सेकंद. ८ बार म्हणजे बरोब्बर १५. सेकंद-काट्याशी जणू करारच केलेला! भाच्याचा बिल्ड-अप १६ बारांचा, म्हणून तीस सेकंदांचा.

आता त्या तडाख्यांकडे वळू. ते वाजवतो स्नेअर ड्रम. भाच्यानं स्क्रीनवर पट्टी मोठी करून दाखवली. डावीकडे विरळ ठिपके, मग दाट, मग आणखी दाट, आणि उजवीकडे टोकाला तर नुसती काळी भिंत. मी ठिपके मोजायला लागलो. पहिल्या ८ बारांत प्रत्येक ठोक्याला एक तडाखा: एकूण ३२. पुढच्या ४ बारांत वेग दुप्पट: एकूण ३२. पुढच्या २ बारांत पुन्हा दुप्पट: ३२. पुढच्या एका बारात पुन्हा दुप्पट: ३२! आणि शेवटचा बार कोरा.

दिसली ना चलाखी? दर खेपेला तडाखे तेवढेच, पण त्यांना मिळणारा वेळ निम्मा. पहिले ३२ तडाखे १५ सेकंद ऐसपैस पसरलेले. पुढचे ३२ साडेसात सेकंदांत. पुढचे पावणेचार सेकंदांत. शेवटचे ३२ दोन सेकंदांच्याही आत. लोकलच्या डब्यात ठाण्यापर्यंत आठ जण बसलेत, मग त्याच डब्याचा अर्धा करा, पाव करा, आठवा हिस्सा करा, आणि माणसं तेवढीच ठेवा. गुदमरायला होणार नाही तर काय होणार! आणि बेरीज? ३२ अधिक ३२ अधिक ३२ अधिक ३२. एकशे अठ्ठावीस. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यात १२८ तडाखे. मी भाच्याकडे बघितलं. त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्यानं ते कानानं केलं होतं.

आपल्या तबलजींना यात नवल वाटणार नाही. ठाय, दुगुन, चौगुन, आठपट हीच ती शिडी, आणि ऐकणारा मान हलवत वाट बघत असतो समेची. फरक इतकाच, की तबलजीला हात दोन आणि लॅपटॉपला थकवा नाही. शेवटच्या बारात सेकंदाला १७ तडाखे पडतात. आणखी एकदा दुप्पट करा, सेकंदाला ३४. आणि इथे एक जादू होते. सेकंदाला विसेक तडाख्यांच्या पुढे कान मोजणंच सोडून देतो. सुटे सुटे तडाखे एकमेकांत विरघळतात आणि त्यांचा चक्क एक जाड, घोगरा सूर होतो. तालाचा सूर! सगळं काम दुपटीनं केलंय.

आणि दुपटीची खरी ताकद अजून यायचीच आहे.

तो मागून चढणारा सूंऽऽ आवाज आठवतोय? त्याचं नाव रायझर. माणसाच्या कानाला साधारण २० कंपनांपासून २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. सेकंदाला २० कंपनं म्हणजे पोटात घुमणारा खर्ज, २० हजार म्हणजे डासाच्याही वरची तार. खालपासून वरपर्यंत किती सप्तकं? दहा. आपल्या पेटीवर असतात साडेतीनच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीन पेट्या एकीवर एक रचल्यासारखी ही चढण, आणि रायझर ती तीस सेकंदांत चढतो, शेवटचा कोरा बार हिशेबापुरता विसरू. आधी या लाटांची लांबी बघा. हवेत २० कंपनांच्या सुराची एक लाट १७ मीटर लांब असते, म्हणजे उभी केली तर ५६ फुटी विहीर. २० हजार कंपनांची लाट पावणेदोन सेंटिमीटर. शेंगदाणा! विहिरीच्या तळाशी निघालेला आवाज तीस सेकंदांत शेंगदाण्यात जाऊन बसतो.

आता वेग बघू. दहा सप्तकं तीस सेकंदांत म्हणजे दर तीन सेकंदांनी एक सप्तक, आणि सप्तक म्हणजे दुप्पट. २० चे ४०, ४० चे ८०, ८० चे १६०. ही दुप्पट कानानं कळते, डोक्यानं कळत नाही. म्हणून मी डेक्कन क्वीन आणली. १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावणारी आपली राणी. तिला सीएसएमटीवर उभी करा, आणि कंपनांच्या जागी ताशी किलोमीटर घाला. गाडी ताशी २० किलोमीटरनं निघाली. अट एकच: दर तीन सेकंदांनी वेग दुप्पट, अगदी रायझरसारखा सलग चढत.

पहिले तीन सेकंद. गाडी सरकली २४ मीटर. एका डब्याएवढी. पोहोचवायला आलेले लोक अजून खिडकीशी बोलताहेत. सहा सेकंद झाले, नऊ झाले, बारा झाले. पंधरा सेकंद, निम्मा वेळ संपला, वेग ताशी ६४० किलोमीटर, विमानाच्या जवळपास. आणि गाडी कुठे आहे? पाऊण किलोमीटरवर! मशीद बंदरही आलेलं नाही. एकविसाव्या सेकंदाला वेग २,५६०, सँडहर्स्ट रोड मागे पडलं. चोविसाव्याला ५,१२०, गाडी करी रोडला. सत्ताविसाव्याला १०,२४०, शीव स्टेशन समोर दिसतंय. एकूण अंतर कापलं सव्वाबारा किलोमीटर. आता उरलेत फक्त तीन सेकंद. या तीन सेकंदांत गाडी किती जाते? सव्वाबारा किलोमीटर! सत्तावीस सेकंदांत जेवढी आली तेवढीच पुन्हा, शेवटच्या तीनमध्ये. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी... नावं उच्चारायच्या आत कांजूरमार्ग.

आणि तिसाव्या सेकंदाला वेग काय? ताशी २०,४८० किलोमीटर. या वेगानं मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटर कापायला लागतील ३४ सेकंद. कर्जतला वडापाव घ्यायचा म्हणाल तर हात बाहेर काढेपर्यंत खंडाळ्याचा घाट संपलेला!

अजून एक दुप्पट देऊन बघू? फक्त तीन सेकंद जास्त. वेग होतो ताशी ४०,९६०. पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटून जायला लागणारा वेग आहे ताशी सुमारे ४०,२७०. संपलं! डेक्कन क्वीन रूळ सोडून, घाट सोडून, पृथ्वी सोडून गेली. पुण्याचे प्रवासी चंद्राच्या दिशेनं. आणि बिल्ड-अप ऐकताना सत्ताविसाव्या सेकंदाला पोटात जो खड्डा पडतो ना, तो याचाच. शरीराला हिशेब येत नाही, पण पुढची दुप्पट जमिनीवर मावणार नाही एवढं त्याला कळतं.

यातली लबाडीही ऐका. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रॉजर शेपर्ड यांनी असे सूर रचले, की ते सतत वर चढताहेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात कुठेच जात नाहीत. वरचा सूर हळूच विरतो, खालून नवा हळूच उगवतो, आणि कान बिचारा चढतच राहतो. म्हणजे गाडीनं वेग घेतलाय, वारा लागतोय, पोट हललंय, आणि खिडकीतून बघावं तर अजून सीएसएमटीच! २०१७ च्या 'डंकर्क' सिनेमात हान्स झिमर यांनी हीच युक्ती वापरून अख्ख्या थिएटरला खुर्चीच्या कडेवर बसवलं होतं.

बरं, हे सगळं लॅपटॉपच्या पोटात कशाच्या रूपात असतं? आकड्यांच्या. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या कानाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. एकूण सेकंदाला ८८,२००. आता दिवसात सेकंद किती? ८६,४००. जुळतंय का? तुम्ही सेकंदाला एक या गतीनं हे आकडे वाचायला बसलात, न जेवता, न झोपता, तर आवाजाचा एक सेकंद वाचायला तुम्हाला एक अख्खा दिवस लागेल, वर अर्धा तास. एका सेकंदाला एक दिवस! म्हणजे तीस सेकंदांच्या बिल्ड-अपला एक महिना. गुढीपाडव्याला बसलात तर अक्षय्य तृतीयेला ड्रॉप.

एकूण आकडे २६ लाख ४६ हजार. वहीत लिहायचे ठरवले, ओळीला एक आकडा, पानाला २५ ओळी, तर दोनशेपानी वह्या लागतील ५३०. एवढ्या वह्यांचं कपाट करावं लागेल, आणि त्या कपाटात काय आहे असं कुणी विचारलं तर सांगायचं, "काही नाही, अर्धं मिनिट आहे." शिवाय यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक पायरी. स्टुडिओत काम करताना आवाजाच्या उंचीच्या पायऱ्या धरतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एकेक पायरी एक मिलिमीटरची केली तरी जिना होतो पावणेसतरा किलोमीटर उंच. कळसूबाई १,६४६ मीटर. दहा कळसूबाई एकावर एक! आणि स्पीकरचा पडदा या जिन्यावर वर-खाली सेकंदाला ४४,१०० वेळा जागा बदलतो. दम लागत नाही त्याला.

आता आवाज किती मोठा? इथे डेसिबल येतात, आणि डेसिबल हे मोठं मायावी माप. ६० नंतर ७० म्हणजे थोडंसंच वाढलं असं वाटतं. पण दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणून मी रुपये घातले. जेमतेम ऐकू येणारा, शून्य डेसिबलचा आवाज म्हणजे एक रुपया धरा. कानातली कुजबुज, ३० डेसिबल: हजार रुपये. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल: साधारण ३१,६०० रुपये. साधं बोलणं, ६० डेसिबल: दहा लाख. आणि १०० डेसिबल, मोठ्या मैफलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीची जी कमाल मर्यादा सांगितली ती? एक हजार कोटी रुपये! रात्रीच्या मर्यादेच्या तीन लाख पटींहून जास्त. आणि १२० डेसिबल, जिथे कान दुखायला लागतो? एक लाख कोटी. अटल सेतूला खर्च आला साधारण १७,८४० कोटी. म्हणजे साडेपाच अटल सेतू, आणि ते घालायचे कुठे, तर कानाच्या इवल्याशा पडद्यावर. त्या पोरांना म्हणावं, कानात बोळे घाला रे.

पण भाच्यानं मला जे दाखवलं त्यानं मी हिशेबनीस म्हणून हादरलो. बिल्ड-अप चढत असताना तो एकूण आवाज हळूच कमी करत नेतो. हो, कमी! स्क्रीनवर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे जेमतेम उतरणारी, मुंगीनंही चढ-उतार म्हणू नये अशी. "तीन डेसिबल," तो म्हणाला. तीन डेसिबल म्हणजे ऊर्जा निम्मी. हजार कोटींतले पाचशे कोटी त्यानं तीस सेकंदांत तुमच्या खिशातून काढले आणि तुम्हाला पत्ता नाही, कारण तुमचं सगळं लक्ष ताशाकडे आणि शिट्टीकडे. त्याआधी खर्जाचा ठेका, ज्याला किक म्हणतात, तो तर सबंधच काढून घेतलेला. सेकंदाला चाळीस कंपनांची, अठ्ठावीस फुटी विहिरीएवढी लाट गायब. पायाखालची जमीन विकली, खिसा कापला, आणि मग ड्रॉपला सगळं एकदम परत दिलं. आपलेच पाचशे कोटी परत मिळाले तरी माणूस लॉटरी लागल्यासारखा नाचतो!

नाचतो तोही कसा बघा. २००७ मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न महोत्सव सुरू झाला आणि हे ड्रॉप आपल्या पोरांच्या अंगवळणी पडले. समजा मैदानात दहा हजार माणसं आहेत. सरासरी ६० किलो धरा. ६०० टन. पाच रेल्वे इंजिनांचं वजन, एकाच ठोक्याला हवेत! फूटभर उंच. केवढी ऊर्जा लागली असेल? मी अधीर होऊन गुणाकार केला, पुन्हा केला, भाच्याकडून तपासून घेतला. उत्तर आलं: अर्धा युनिट वीज. अर्धा! ताईच्या घरचा पंखा सहा-सात तास फिरला तर तेवढी जाते. दहा हजार माणसं उडवायला पाच रुपयेसुद्धा खरे नाहीत. त्यांना उडवायला तयार करणं, महाग ते आहे.

आणि सगळे एकदम उडतात हेही आपोआप घडत नाही बरं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. १२८ च्या वेगात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी. तेवढ्यात आवाज जातो १६१ मीटर. म्हणजे स्टेजपासून १६१ मीटर मागे, सात डबे मागे म्हणा, उभ्या असलेल्या माणसाला ड्रॉप ऐकू येतो पुढच्यापेक्षा एक पूर्ण ठोका उशिरा! पुढचे खाली उतरून पुन्हा उडाले, तेव्हा मागचे पहिल्यांदा उडणार. म्हणून मोठ्या मैदानात मधे मधे स्पीकरचे मनोरे उभारतात, आणि त्यांना मुद्दाम सेकंदाच्या अंशानं उशिरा वाजवतात, स्टेजवरून चालत आलेल्या आवाजाशी पाऊल मिळावं म्हणून. मैदानावरून निघालेली दिंडी, आणि प्रत्येक मनोरा आपल्या टप्प्यावर तिच्यात सामील होणारा.

इथपर्यंत आकडे मोठे होते, पण पृथ्वीवरचे होते. आता खुर्ची सोडू नका.

मी भाच्याला विचारलं, "हा नॉब नेमका इथेच का थांबवलास?" स्क्रीनवर गोल बटणांची रांग होती. फिल्टर किती उघडायचा, शिट्टी किती धारदार, शेपटी किती लांब. १९८३ पासून संगीताच्या यंत्रांची जी सामाईक बोली आहे, मिडी, तिच्यात अशा एका नॉबला जागा असतात १२८. पुन्हा तोच आकडा! मग मी म्हटलं, बघू तरी. सगळ्या जागा तपासून सर्वांत चांगला बिल्ड-अप शोधायचा, दर खेपेला तीस सेकंद ऐकायचं.

एक नॉब: १२८ खेपा. एक तास चार मिनिटं. सोपं आहे. दोन नॉब: १२८ गुणिले १२८. पावणेसहा दिवस. तीन नॉब: दोन वर्षं. डिग्री अडकली. चार नॉब: २५५ वर्षं. थोरले माधवराव पेशवे हयात असताना भाचा ऐकायला बसला असता तर आत्ता कुठे हेडफोन काढला असता. पाच नॉब: साडेबत्तीस हजार वर्षं. सहा नॉब: जवळजवळ ४२ लाख वर्षं, आपली माणसांची जात जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून.

सहावर जरा थांबू, कारण आवाज घडवायला सहा नॉब असलेलं एक यंत्र खरंच होतं आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे. जपानच्या रोलँड कंपनीचं टीबी-३०३. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत या यंत्रावर आणि त्याच्या भावंडांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. फिल्टरचा नॉब फिरतोय, आवाज पिळवटत वर चढतोय, अगदी तोच ताण. शिकागोच्या फ्यूचर या चमूचं 'ॲसिड ट्रॅक्स', ज्याच्यापासून या नादाची शाळा सुरू झाली असं जग मानतं, ते आलं १९८७ मध्ये. पाच वर्षांनंतर! मुंबईची तबकडी धूळ खात पडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगानं कानाला हात लावले. ४२ लाख वर्षांच्या शक्यतांतून नेमकी जागा, आणि ती सापडली रागाच्या वाटेनं गेलेल्या माणसाला.

पुढे चला. सात नॉब: ५३ कोटी वर्षं. आठ नॉब: ६,८५० कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे साधारण १,३८० कोटी. आठव्या नॉबलाच विश्व पाच वेळा संपलं! आणि दहा नॉब? एकूण शक्यता एक कोटी कोटी कोटींच्याही वर. कोटी एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा! त्या सगळ्या ऐकायला लागतील विश्वाची ८१ हजार आयुष्यं. महास्फोट, तारे, पृथ्वी, डायनोसॉर, पोहे, पुन्हा महास्फोट, असं ८१ हजार वेळा. आणि भाच्याच्या स्क्रीनवर नॉब किती होते? दहाच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं. ज्या बारीकशा खुणेवर त्याचा नॉब थांबला होता, ती त्यानं शोधली होती शनिवारी रात्री, जेवण झाल्यावर, झोप यायच्या आत. "इथे बरं वाटलं," एवढंच त्याचं उत्तर.

आणि हा सारा खटाटोप कशासाठी? कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट झाटोर, वालोरी सालिमपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदू तपासला. डोपामिन नावाचं सुखाचं रसायन शिखराच्या क्षणी पाझरतं, हे अपेक्षितच होतं. पण शिखराच्या आधीच्या १५ सेकंदांतही पाझरत होतं, मेंदूच्या दुसऱ्याच कोपऱ्यात! वाट बघण्याचं सुख वेगळं, मिळण्याचं वेगळं, दोघांची घरंही वेगळी. आणि १५ सेकंद म्हणजे १२८ च्या वेगात किती बार? बरोब्बर ८. बिल्ड-अपचा उत्तरार्ध, जिथून तडाखे दुपटीला लागतात.

मग वाट बघण्याचाच हिशेब केला. समजा, एखादं गाणं जगभरात शंभर कोटी वेळा ऐकलं गेलं. गाजलेल्या गाण्यांना हा आकडा आता नवा नाही. त्यात तीस सेकंदांचा एकच बिल्ड-अप धरा. माणसांनी मिळून वाट पाहिली ९५० वर्षं! ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधी कुणीतरी श्वास रोखला आणि तो आजपर्यंत सोडलाच नाही, असं समजा. आणि त्यातला शेवटचा, कोरा बार? तेवढ्याचीच बेरीज होते ५९ वर्षं. राज्य सरकारी नोकरीतला अख्खा माणूस जन्मून, शिकून, नोकरीला लागून, निवृत्त होऊन वर वर्षभर घरी बसतो, तेवढी निव्वळ शांतता.

त्या कोऱ्या बाराशी मी शेवटी आलो. भाच्यानं तो मोठा करून दाखवला. मघाची काळी भिंत जिथे संपते तिथून एक सरळ, बारीक रेघ. ना तडाखा, ना शिट्टी, ना किक. मी विचारलं, "इथे काय आहे?" तो म्हणाला, "काहीच नाही, मामा. पण हेच बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. जरा लांबलं की लोक खाली बसतात, जरा आखडलं की कळतच नाही."

पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त. लॅपटॉपच्या पोटात इथेही आकडे आहेतच: १ लाख ६५ हजार ३७५. आणि ते सगळे शून्य. सेकंदाला एक वाचत बसलात तर जवळजवळ दोन दिवस तुम्ही एकच शब्द म्हणत राहाल. विहिरी, सेतू, दहा कळसूबाई, पृथ्वी सोडून गेलेली डेक्कन क्वीन, कोटी कोटी कोटी, सगळे येऊन उभे राहतात ते या एक लाख पासष्ट हजार शून्यांच्या दारात. एवढ्या मोठ्या संख्यांनी शून्याला एवढी किंमत आणून दिलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

ताईनं पोहे पुन्हा गरम करून आणले. मी म्हटलं, "थांब ग, आता तूही ऐक." हेडफोनची वायर काढली, स्पीकर लावले.

भाच्यानं पुन्हा सुरुवातीला नेलं, आवाज वाढवला, आणि मी, बहीण, दारातला दूधवाला असे तिघं ऐकत उभे राहिलो.

तडाखे दुप्पट झाले, सूर चढला, खिडकीची काच थरथरली.

पुन्हा दुप्पट, पुन्हा चढ.

श्वास अडला.

शून्य.